आठवीच्या उंबरठ्यावर

मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. परगावच्या माणसाला तो असह्य वाटतो. गावातल्या माणसाला मात्र तो थांबला म्हणजे काळजी वाटू लागते, कारण माग थांबला की मजुरीही थांबते. सहावी, सातवी आणि आठवीची कितीतरी मुले या आवाजातच अभ्यास करीत असतात. त्यांच्या शिक्षणाची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा दहावीचा निकाल लागल्यावर. परंतु त्या निकालपत्रात ज्यांची नावेच नसतात, अशा मुलांचा निकाल या मधल्या तीन इयत्तांतच लागून गेलेला असतो.

प्राथमिक वर्गांत मुलाला बहुधा एकच शिक्षक असतो. मूल जेवून आले की उपाशी, घरी कोण आजारी आहे, हे त्याला ठाऊक असते. पुढे विषयवार शिक्षक येतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक आणि पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असे प्रमाण ठरविले. विषयाच्या दृष्टीने ते योग्यच होय. पण विषय ज्याच्या त्याच्या वाट्याला आले आणि मूल मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही, अशी स्थिती यातून निर्माण होऊ शकते. याच वयात शरीर बदलते, मन हळवे आणि हट्टी होते, मुलींवर घरची बंधने वाढतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचा व इंग्रजीचा भार जाणवू लागतो.

ज्याला सहावीत आल्यावरही नीट वाचता येत नाही, तो मुलगा ते कबूल करीत नाही. तो मागच्या बाकावर बसतो, शेजाऱ्याची वही उतरवतो, प्रश्न विचारला की हसण्यावारी नेतो, नाहीतर गैरहजर राहतो. आपण त्याला उनाड म्हणतो. वास्तविक तो लाजत असतो आणि घाबरलेला असतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या वर्षी करोनाचा मोठा तडाखाही या शहराला बसला. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली आणि अक्षरओळखीच्या काळातच शाळेला मुकलेली मुले पुढे याच इयत्तांत येऊन पोचली आहेत.

घरची परिस्थिती तर सर्वश्रुत आहे. शाळा सुटल्यावर कांड्या भरणारे हात मालेगावला नवे नाहीत आणि आसपासच्या खेड्यांत कांद्याच्या लागवडीचे व काढणीचे दिवस आले की वर्ग ओस पडतात. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी झाली. परंतु शाळेच्या वेळेबाहेर, धोका नसलेल्या घरगुती व्यवसायात कुटुंबाला मदत करण्याची मुभा राहिली. ती मदत किती तासांची, हे पाहणार कोण?

येथेच खरी मेख आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षापर्यंतचा, आणि बालमजुरीची सरसकट बंदीही चौदाव्या वर्षापर्यंतचीच. दोन्ही छत्रे एकाच वेळी मिटतात. त्यातच २०२३ मध्ये राज्य शासनाने पाचवी व आठवीत पुन्हा उत्तीर्ण होण्याची अट घातली. न शिकविताच वरच्या वर्गात ढकलणे ही मुलांची फसवणूक आहे, हे शिक्षकांचे म्हणणे खोटे नाही. परंतु नापासाचा शिक्का बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलासमोर शाळेचे आणि मागाचे अशी दोन्ही दारे उघडी असतील, तर तो कोणत्या दाराने जाईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. अनुत्तीर्ण मुलाला फेरपरीक्षेपूर्वी मिळणारे दोन महिने खरोखर शिकविण्यात गेले, तरच या परीक्षेला अर्थ आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, मुलांची चारचौघांत मानहानी करू नये, असे त्यांत म्हटले आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने आधीच मनाई आहे. समुपदेशकाची मागणी नेटाने केलीच पाहिजे. पण तो येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

गिरणेच्या वाटेने खानदेशात उतरले की अमळनेर फार दूर नाही. १९२४ पासून सहा वर्षे साने गुरुजी तेथे शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळीत होते. समुपदेशन हा शब्द त्या काळी प्रचारात नव्हता. मुलांचे कपडे धुणाऱ्या, त्यांच्या आजारपणात जागणाऱ्या त्या माणसाला प्रत्येक मूल समग्र ठाऊक होते, एवढेच. प्रत्येकाने साने गुरुजी व्हावे असे कोणी म्हणणार नाही. जनगणना, निवडणूक आणि माहितीचे तक्ते यांनी आजचा शिक्षक आधीच वाकला आहे. पण त्यांच्या कार्यातले सूत्र उचलता येण्याजोगे आहे.

सहावीतल्या वर्गाला मिळालेला वर्गशिक्षक आठवीपर्यंत तोच ठेवावा. आठवड्यातून एक तासिका वेळापत्रकातच अशी असावी की जिच्यात गुण नाहीत, गृहपाठ नाही, केवळ मुलांशी बोलणे आहे. जूनमध्येच प्रत्येक मुलाचे वाचन त्याच्या माध्यमाच्या भाषेत, एकेकाला जवळ बसवून पाहावे. त्याचा निकाल वर्गात जाहीर करू नये. पालकांची सभा शुक्रवारी, माग बंद असतात त्या दिवशी घ्यावी. म्हणजे ‘पालक येतच नाहीत’ ही तक्रार कितपत खरी आहे तेही कळेल. यांपैकी कशालाही नव्या अनुदानाची गरज नाही. मुख्याध्यापकांची संमती आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे.

मालेगावच्या मागावर धागा तुटला तर विणकर माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो आणि मगच पुढे विणतो. तुटल्या धाग्यावर विणलेल्या कापडाला बाजारात भाव मिळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. शाळेनेही आपल्या मुलांच्या बाबतीत एवढे केले, तर आठवीच्या उंबरठ्यावरून मूल मागे फिरणार नाही.