प्रशिक्षण झालं, पण फवारणी बदलली का?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा विषय साधारण असा असतो: 'एकात्मिक कीड व्यवस्थापन प्रशिक्षणाचा शेतकऱ्यांच्या ज्ञानावर होणारा परिणाम'. प्रशिक्षणाआधी वीस प्रश्न, नंतर तेच वीस प्रश्न, गुण वाढले, टी-टेस्ट लावली, प्रबंध तयार. यात चूक काही नाही. पण प्रशिक्षण ज्यासाठी दिलं, तेच मोजायचं राहून जातं. भंडारा जिल्ह्यातल्या धानाचं उदाहरण घेऊन बघू.

आधी कीड समजून घ्या

भंडाऱ्यात खरिपाचं मुख्य पीक धान. त्यावर खोडकिडा, गादमाशी आणि तुडतुडे या नेहमीच्या किडी. तुडतुडे चुडाच्या बुडाशी बसून रस शोषतात. बांधीत पीक गोलाकार करपायला लागलं की शेतकरी घाबरतो, कृषी केंद्रातून मिळेल ते औषध आणतो आणि वरून फवारतो. औषध बुडापर्यंत नीट पोचत नाही. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात असतात, तीही वाचतात. मरतात ते तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रढेकूण. मग अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना शत्रूच उरलेला नसतो. याला किडीचा पुनरुद्रेक म्हणतात. याच अनुभवातून इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावर 57 कीटकनाशकांच्या वापराला बंदी घातली आणि 1989 पासून तिथे शेतीशाळा सुरू झाल्या.

शेतीशाळेत भाषण कमी आणि मोजणी जास्त. शेतकरी बांधीत उतरतात, काही चूड निवडून किडी मोजतात, मित्रकीटकही मोजतात, आणि मग ठरवतात. फुटव्याच्या अवस्थेत चुडामागे सरासरी 10 तुडतुडे किंवा खोडकिड्यामुळे 5 टक्के फुटवे मेलेले दिसले, की ती आर्थिक नुकसानीची पातळी. त्याखाली असेल तर थांबायचं. म्हणजे इथे शिकवला जातो तो निर्णय. तुम्हालाही तोच मोजावा लागेल.

मग मोजायचं काय?

'फवारणीआधी कीड मोजता का?' असं विचारलं तर सगळे 'हो' म्हणतात. समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देणं हा माणसाचा स्वभाव आहे. त्याऐवजी विचारा, 'शेवटची फवारणी कधी केली? त्या दिवशी बांधीत काय दिसलं होतं? औषध कोणतं, ते कोणी सुचवलं?' दुकानाची पावती आणि रिकामे डबे बघायला मिळाले तर उत्तम. भाषाही तपासा. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत 'तपकिरी तुडतुडे' होते आणि गावात सगळे 'मावा' म्हणत होते. आम्ही एकाच किडीबद्दल बोलतोय हे कळायला अर्धा दिवस गेला.

तुलनेसाठी प्रशिक्षण न झालेली गावंही घ्या. समजा, प्रशिक्षण झालेल्या गावात फवारण्या सरासरी 4 वरून 2 वर आल्या. छान वाटतं. पण दुसऱ्या गावातही त्या 4 वरून 3 वर आल्या असतील, तर त्या वर्षी कीडच कमी होती. प्रशिक्षणाचा परिणाम 1 फवारणीचा, 2 चा नाही. ही गावं फार जवळ नकोत. धुऱ्याला धुरा लागला की गोष्टी पसरतात.

फवारतो कोण?

सगळ्यात जास्त चुकतो तो नमुना निवडताना. यादी सातबाऱ्यावरून काढतो, म्हणजे जमीनमालक येतो. पंप मात्र अनेकदा मजुराच्या पाठीवर असतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक जणांचा जीव गेला. त्यात शेतकरी होते, तसेच शेतमजूरही होते. प्रशिक्षणाला येतो एक आणि विष अंगावर घेतो दुसरा, असं असेल तर गुण कितीही वाढले तरी उपयोग काय? म्हणून प्रत्येक घरामागे एक प्रश्न ठेवा: 'गेल्या हंगामात पंप कोणी चालवला?' आणि त्या माणसाची मुलाखत वेगळी घ्या. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांपैकी सर्वांत विषारी कोणता, हे त्याला माहीत आहे का? (लाल.) नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकतो का? फवारणीनंतर डोकं दुखणं, मळमळणं, अंधुक दिसणं असं काही झालं होतं का? हातमोजे घातले नसतील, तर ते नव्हतेच, की उकाड्यात घालवले नाहीत? ही दोन कारणं वेगळी आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

एक गोष्ट आधीच ठरवा

निरीक्षणाला गेलात आणि कोणी उघड्या हाताने लाल त्रिकोणाचं औषध ढवळताना दिसलं, तर काय कराल? 'मी फक्त निरीक्षक' म्हणून नोंद घेत बसाल? माझं मत स्पष्ट आहे: वही बाजूला ठेवा, आधी त्याला थांबवा, मग त्या नोंदीपुढे 'हस्तक्षेप केला' असं लिहा. एक नोंद बिघडली तरी चालेल. नैतिकता समितीच्या अर्जातही हे आधीच लिहून ठेवा.

आणि हो, फवारणी बघायला जाल तेव्हा वारा तुमच्याकडून फवारणाऱ्याकडे जाईल अशा बाजूला, लांब उभे राहा. प्रश्नावली छापायच्या आधी अशी एक सकाळ बांधीवर काढाच. निम्मे प्रश्न तुम्ही स्वतःच बदलाल.