धैंचा की भेंड? भात खाचरातील सारख्या दिसणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती कशा ओळखाव्यात

भात लावणीनंतर महिनाभराने खाचरात किंवा बांधाच्या कडेला चिंचेसारख्या बारीक पानांची, सरळ वाढणारी रोपे दिसू लागतात. धैंचा उगवला आहे, खत होईल, असे समजून अनेक जण ती बेणणीत उपटत नाहीत. काही जण तर त्याच रोपांचे बी पुढच्या वर्षी हिरवळीच्या खतासाठी जमा करून ठेवतात. त्यातील काही रोपे खरोखर धैंच्याची असतात. पण पाणथळ जागेत तशीच पाने असलेल्या आणखी दोन-तीन वनस्पती वाढतात. त्यांपैकी एक भाताच्या बियाण्यात मिसळणारे चिवट तण आहे. ओळख चुकली तर एका हंगामातील दुर्लक्षामुळे पुढे अनेक हंगाम बेणणीची मजुरी वाढते.

या सर्वांची पाने जवळजवळ सारखी असल्यामुळे केवळ पानांवरून निर्णय घेऊ नये. खात्रीची ओळख शेंगेवरून होते. शेंग येण्याआधी रोप ओळखायचे असेल, तर किमान तीन खुणा एकत्र पाहाव्यात.

कोणत्या वनस्पतींमध्ये गोंधळ होतो?

- धैंचा (सेस्बॅनिया बायस्पिनोसा, जुने नाव सेस्बॅनिया अॅक्युलिआटा): हिरवळीच्या खतासाठी पेरतात, ओलसर जागी आपोआपही उगवतो.
- एस्किनोमेनी इंडिका: भात खाचरे, ओढे आणि पाटांच्या कडेला येणारे वर्षायु झुडूप. या लेखात सोयीसाठी त्याला ‘बारीक भेंड’ म्हटले आहे.
- एस्किनोमेनी अॅस्पेरा: तळी आणि साचलेल्या पाण्यात वाढते. बाशिंगे व सजावटीची फुले करण्यासाठी वापरला जाणारा पांढरा, हलका भेंड याच्या खोडातून मिळतो. बंगालमधील ‘शोला’ कामही याच भेंडाचे असते. या लेखात त्याला ‘जाड भेंड’ म्हटले आहे.
- कवळा (स्मिथियाच्या काही जाती): कोकणात पावसाळी रानभाजी म्हणून खाल्ला जातो. ओल्या बांधांवर आणि माळावर बुटका, पसरट वाढतो.

बारीक भेंड, जाड भेंड आणि कवळा हे एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. धैंचा त्यांचा दूरचा नातेवाईक असला, तरी शेतात सर्वाधिक गोंधळ बारीक भेंड आणि धैंचा यांच्यातच होतो.

शेंगेवरून ओळख

- धैंचा: शेंग लांब, बारीक, किंचित वाकडी; साधारण १५ ते २५ सें.मी. लांब आणि जेमतेम ३ मि.मी. रुंद. आत ३० ते ४० बिया. पिकल्यावर शेंग उभी उकलते. तिचे तुकडे पडत नाहीत.
- बारीक भेंड: शेंग आखूड, चपटी, ३ ते ५ सें.मी. लांब. वरची कड जवळजवळ सरळ, खालची कड नागमोडी. शेंगेला ५ ते १० सांधे असतात. पिकल्यावर प्रत्येक सांधा सुटतो आणि त्यात एकच बी राहते.
- जाड भेंड: शेंग सांध्यांचीच, पण सांधे कमी आणि मोठे. प्रत्येक सांध्याच्या मध्यभागी ठळक खरखरीत उंचवटे असतात. बारीक भेंडाचा सांधा बहुधा गुळगुळीत किंवा थोडा खडबडीत असतो.
- कवळा: शेंग बाहेरून दिसतच नाही. फुलाखालच्या हिरव्या आवरणात ती घडी घालून ठेवल्यासारखी दुमडलेली असते. आवरण सोलले की लहान सांधे दिसतात.

शेंग येण्याआधीच्या खुणा

१. *पानावरील दले:* धैंच्याचे एक दल साधारण १ ते २ सें.मी. लांब असते. बारीक भेंडाचे दल बहुधा १ सें.मी.पेक्षा लहान, ३ ते १० मि.मी. असते. कवळ्याच्या पानावर दलांच्या जोड्या थोड्याच असतात आणि दलांच्या कडेला राठ केस दिसतात.

२. *काटे:* धैंच्याच्या खोडावर आणि पानाच्या दांड्यावर विरळ, मऊसर काटे असतात. बारीक भेंडावर काटे नसतात. शेंड्याकडचे खोड मात्र काही वेळा केसाळ आणि बोटाला चिकट लागते.

३. *देठाच्या बुडाची बारीक उपपर्णे:* ही लवकर गळतात, म्हणून शेंड्याकडच्या कोवळ्या पानांपाशी पाहावीत. भेंड आणि कवळ्यात उपपर्ण मधोमध चिकटलेले असते आणि त्याचे एक टोक जोडापासून खाली लोंबते. धैंच्यात ते बुडाशी चिकटलेले असते.

४. *फूल:* तिन्ही उंच वनस्पतींची फुले पिवळी असतात. धैंच्याच्या मोठ्या पाकळीवर जांभळट-तपकिरी ठिपके असतात. बारीक भेंडाचे फूल लहान, फिकट पिवळे असून त्यावर बऱ्याचदा जांभळट रेषा दिसतात. जाड भेंडाचे फूल त्याहून मोठे असते.

या खुणांवर विसंबू नका

*खोडावरील गाठी:* खोडावर नत्राच्या गाठी दिसल्या म्हणजे तो खोडावर गाठी येणारा धैंचाच, असा समज आहे. सेस्बॅनिया रोस्ट्राटा या आफ्रिकी धैंच्याच्या खोडावर गाठी येतात हे खरे. पण बारीक आणि जाड भेंडाच्या खोडावरही गाठी येतात.

*पाने मिटणे:* भेंडाची पाने स्पर्शाने सावकाश मिटतात, पण धैंच्याची पानेही रात्री मिटतात. त्यामुळे ही खूण तपासायची तर ऊन चढल्यावर तपासावी.

*फुगलेले खोड:* पाण्यात उभ्या असलेल्या धैंच्याचे खोडही बुडाशी स्पंजासारखे होते.

ओळख का महत्त्वाची?

बारीक भेंडाच्या शेंगेचे सुटलेले सांधे पाण्यावर तरंगतात आणि पाटाच्या पाण्याबरोबर खालच्या खाचरात जातात. कापणीत रोप भाताबरोबर आले, तर सांधे आणि काळपट बिया धान्यात मिसळतात. अशा बियांचा चाळण जनावरांना घालू नये. ब्राझीलमध्ये या बिया मिसळलेले खाद्य खाल्ल्यामुळे डुकरांचा तोल जाणे, चालता न येणे अशी विषबाधा नोंदवली गेली आहे. अमेरिकेतील भातशेतीत याच प्रजातीतील एस्किनोमेनी व्हर्जिनिका हे तण इतके त्रासदायक ठरले, की त्याच्यासाठी १९८२ मध्ये बुरशीवर आधारित तणनाशकाची नोंदणी झाली.

मात्र बारीक भेंडही हवेतील नत्र स्थिर करतो. चिखलणीच्या वेळी फुले येण्यापूर्वी तो गाडला, तर त्याचे खतच होते. शेंगा धरल्यावर मात्र तो तण ठरतो. त्यामुळे खरा प्रश्न वेळेचा आहे.

काय करावे?

- बेणणीत शंका असलेली रोपे फुलावर येण्याआधी उपटावीत. ती ओल्या बांधावर टाकू नयेत. खोडाला पुन्हा मुळे फुटू शकतात. कोरड्या जागी सुकवावीत किंवा कंपोस्टमध्ये घालावीत.
- शेंगा धरल्या असतील, तर सांधे हिरवे असतानाच रोप कापून खाचराबाहेर न्यावे. पिकलेल्या शेंगा कंपोस्टमध्ये घालू नयेत.
- पाटाच्या तोंडाशी जाळी लावून तरंगत आलेला कचरा अडवावा.
- भात बियाणे ३ टक्के मिठाच्या द्रावणात (१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ) बुडवावे. वर तरंगणाऱ्या पोचट दाण्यांबरोबर शेंगेचे तुकडेही काढून टाकावेत. नंतर बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.
- धैंच्याचे बी घरचे ठेवायचे असेल, तर फक्त लांब, न तुटणाऱ्या शेंगांतूनच काढावे.
- तळ्याकाठचा जाड भेंड खाचरात येत नसेल, तर तो काढण्याची गरज नाही.
- रानभाजीसाठी कवळा खुडताना रोप ओळखीचे असेल तरच घ्यावे. उंच, सरळ वाढलेल्या रोपाचे शेंडे कवळा समजून खुडू नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावात प्रशिक्षण घेताना चारही वनस्पतींच्या शेंगा एका पुठ्ठ्यावर चिकटवून दाखवाव्यात. पिकलेली शेंग हातात घेऊन हलकेच वाकवायला सांगावे. सांध्यावर तुकडे पडले तर तो धैंचा नाही, हे त्यातून लगेच लक्षात येते.