चार चाके, पण भार दोघांवर!

समजा, शाळेच्या कर्मशाळेतील अवजारांचे जड कपाट हलवता यावे म्हणून तुम्ही लोखंडी अँगलची चौकट करून तिला चार चाके बसवणार आहात. अवजारांसह कपाटाचे वजन 240 किलोग्रॅम आहे. प्रत्येक चाक किती भार पेलणारे घ्याल? 240 भागिले 4, म्हणजे 60 किलोग्रॅम? हे उत्तर धोक्याचे आहे!

फरशी अगदी सपाट कधीच नसते. त्यामुळे ताठ चौकटीचे एक चाक किंचित अधांतरी राहते. कपाटाचा गुरुत्वमध्य दोन्ही कर्णांच्या छेदनबिंदूवर असतो. अधांतरी चाकाच्या समोरच्या चाकावर भार यायचा, तर तो तोलायला पलीकडे कोणीच नाही! म्हणून जवळजवळ सारा भार उरलेल्या दोन चाकांवर, प्रत्येकी 120 किलोग्रॅम, पडतो. चाके तेवढ्या क्षमतेचीच घ्यावीत.

आणखी एक खबरदारी. जड खण बाहेर ओढला की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. त्यातून जाणारी उभी रेषा चाकांच्या टेकण्याच्या चौकोनाबाहेर गेली, की कपाट कोसळते. म्हणून चाके अगदी कोपऱ्यांत लावावीत, एका वेळी एकच खण उघडावा आणि कपाट ढकलताना सर्व खण बंद ठेवावेत.

पडताळा घ्यायचा आहे? डुगडुगत्या स्टुलाच्या चारही पायांखाली कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि एकेक ओढून पाहा. समोरासमोरच्या दोन सहज निघतील. उरलेल्या दोन अडकतील. भार कोणावर आहे, ते स्टूलच सांगेल!