पाहुण्याच्या खोलीची किल्ली

हॉटेलातील नोकरी म्हटली, की आपल्यापुढे स्वयंपाकघर किंवा स्वागतकक्ष उभा राहतो. पाहुणा रात्र काढतो ती मात्र खोलीत; आणि ती खोली राहण्याजोगी ठेवणारा ‘हाउसकीपिंग’ विभाग सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. काम चोख झाले तर ते दिसत नाही, आणि चुकले तर तेवढेच दिसते, असा या व्यवसायाचा न्याय आहे.

मुलाने वा मुलीने ही वाट धरली, की घरातील वडीलधारी विचारतात, ‘शिकूनसवरून झाडलोटच करायची का?’ केरसुणी हाती घेणाऱ्याला हीन लेखण्याची आपली जुनी खोड या प्रश्नामागे आहे. तिला उत्तर द्यावयाचे तर त्या कामाचे स्वरूपच पाहिले पाहिजे.

नवागताकडे प्रथम एका मजल्यावरील खोल्या येतात. मोठ्या हॉटेलात एका पाळीत सुमारे बारा ते सोळा. म्हणजे एका खोलीस वेळ मिळतो अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणूनच येथे क्रमाला महत्त्व. दार वाजवावे, आपण कोण ते सांगावे, थांबावे, मगच किल्ली लावावी. पडदे सारून वापरलेल्या चादरी व अभ्रे काढावेत. धूळ वरून खाली पुसावी. जमीन सर्वांत शेवटी, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. शौचपात्राचे फडके पाण्याच्या पेल्यास चुकूनही लागू नये, यासाठी फडक्यांचे रंग निरनिराळे ठेवतात. ब्लीच आणि आम्लयुक्त द्रावण एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, हेही ठाऊक असावे लागते. आणि उशीखाली अंगठी सापडली, तर खोलीचा क्रमांक व वेळ यांसह ती वरिष्ठांकडे नोंदवावी लागते. परक्याच्या खोलीची किल्ली ज्याच्या हाती देतात, त्याच्या प्रामाणिकपणावर हॉटेलची पत उभी असते.

या कामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण आपल्याकडे नवे नाही. मुंबईची हॉटेल व्यवस्थापन संस्था 1954 साली स्थापन झाली. देशभरातील अशा संस्थांसाठी 1982 साली राष्ट्रीय परिषद अस्तित्वात आली. पदवीचा मार्ग बारावीनंतर खुला होतो. पदवी नसलेले अनेकजण मजल्यावरच काम शिकून पर्यवेक्षक होतात. आणि मुख्य गृहव्यवस्थापक हे त्या विभागातील सर्वोच्च पद होय.

तथापि, कामाची थोरवी सांगून कामगाराचे हित झाकता कामा नये. गादी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे, हे कोणी शिकविणार आहे काय? हातमोजे मिळतात काय? नेमणुकीचे पत्र लेखी आहे काय? साप्ताहिक सुटी कोणती? रात्रीची पाळी संपल्यावर घरी पोहोचविण्याची सोय काय? बंद खोलीत एकटीने काम करणाऱ्या स्त्रीने हेही विचारावे, की 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती नेमली आहे काय. दहा अथवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी ती बंधनकारक आहे.

वडीलधाऱ्यांनी काळजी जरूर वाहावी; पण ती केरसुणीची नव्हे, या प्रश्नांच्या उत्तरांची. केरसुणी धरल्याने कोणी लहान होत नाही. ही उत्तरे न घेता जो कामावर रुजू होतो, त्याला लहान करणे मात्र इतरांना फार सोपे जाते.