‘काहून करते?’पासून ‘काय भेटते?’पर्यंत

‘बाई, हे पोट्टं काहून असं करते?’ तीसेक वर्षांपूर्वी अकोल्यात विशेष मुलांच्या शाळेत रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात एका मायनं विचारलं. पोरगं स्वतःचं मनगट चावत होतं. मला उत्तर येत नव्हतं, पण शिक्षकांच्या खोलीत ते तयार असायचं: ‘लक्ष वेधायला. नाटकं आहेत.’ घरच्यांचं निदान निराळं: नजर लागली, बाहेरचं आहे. मोजून पाहिलेलं दोन्हीकडे कुणीच नव्हतं.

साधन नव्हतं म्हणावं तर तेही खरं नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेतून 1992 मध्ये रिटा पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांची ‘बेसिक-एमआर’ ही मापनपट्टी आली होती. तिच्या दुसऱ्या भागात त्रासदायक वागण्याच्या 75 बाबी, दहा गटांत: मारणं, स्वतःला इजा करणं, तेच ते करत राहणं, भीती वगैरे. प्रत्येक बाबीपुढे शून्य, एक किंवा दोन. तपासणी आली की आम्ही हे आकडे भराभर भरायचो. वागण्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे लिहायची जागा मात्र कोरी. आकडा टाकणं सोपं. पाहत बसायला कुणाला वेळ?

आम्ही टाळत होतो तो प्रश्न बाल्टिमोरमध्ये दहा वर्षं आधीच हाताळून झाला होता. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांचा 1982 चा प्रयोग. स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांना आळीपाळीनं चार परिस्थितींत ठेवलं, दर खेपेला पंधरा मिनिटं. एकीत इजा केली की कुणीतरी जवळ येऊन काळजीनं बोले, दुसरीत हातातलं काम थांबे, तिसरीत मूल एकटं, चौथीत खेळणी आणि मोकळीक. इजा कुठे वाढते ते मोजायचं, म्हणजे त्यातून मुलाला काय भेटते ते कळतं. पुढे 1994 मध्ये याच गटानं 152 जणांचे निकाल मांडले. 38 टक्के जण काम टाळण्यासाठी इजा करत होते. लक्ष किंवा वस्तू मिळावी म्हणून करणारे 26 टक्के. जवळपास तितक्याच जणांना दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती, इजेतूनच काहीतरी मिळत होतं. आमचं लाडकं उत्तर चारांतल्या एकालाच लागू पडत होतं तर!

त्या मनगट चावणाऱ्या पोराला आम्ही शिक्षा म्हणून व्हरांड्यात बसवायचो. मणी ओवायचा तास लागला की तो चावायचा, बाहेर जायचा आणि कडुनिंबाकडे पाहत निवांत बसायचा. चावणं वाढतच गेलं. शेवटी मी शंभर पानी वहीत चार रकाने आखले: वेळ, आधी काय, काय केलं, नंतर काय. तीन आठवड्यांनी वही वाचली अन् लाज वाटली. बहुतेक नोंदी मण्यांच्या तासाच्या आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, ‘बाहेर’. ज्याला आम्ही शिक्षा म्हणत होतो ते त्याचं रोजचं बक्षीस होतं.

मग त्याला हात वर करून ‘बास’ सांगायला शिकवलं. सांगितलं की दोन मिनिटं सुट्टी. मणीही मोठे आणले. चावण्याच्या जागी मागणं शिकवायची ही रीत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 मध्येच मांडली होती, हे मला फार उशिरा कळलं. चावणं कमी झालं, पण एप्रिलात पुन्हा उसळलं, तेही कुठल्याही तासाला. वही चाळून चाळून थकले. मायनंच त्याला डॉक्टरकडे नेलं. कान वाहत होता. माझ्या वहीत दुखण्याला रकानाच नव्हता. तो पाचवा त्या दिवशी आखला.

वागणं असं मोजून बदलणाऱ्या या शास्त्राचा भूतकाळ सोवळा नाही. 1960 च्या दशकात इवार लोवास यांनी इजा थांबवायला विजेचे झटके दिले होते. ऑटिझम असलेली मोठी माणसं आज त्याचा जाब विचारतात, तो विचारायलाच हवा. आमच्याकडे झटके नव्हते, छडी होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती बंद केली, निदान कागदावर.

परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली दिव्यांग मुलं स्वतःचं नाव लावून वाढवली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम या शास्त्रातून आलेलं नाही. पण तिथल्या मुलांनी झाडं लावली, जगवली. हाताला काम आणि हाकेला माणूस असलं की चावण्याची निम्मी कारणं उगवतच नसावीत, असं मला वाटतं. सगळ्याच मुलांना तेवढं पुरेल असं नाही. वहीवाल्यांनी एकदा जाऊन यावं मात्र.

2016 च्या कायद्यानं ऑटिझमला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली. अमरावती-अकोल्यात थेरपी सेंटरच्या पाट्या वाढल्या. दुसरीकडे, या विद्येचं प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळानं 2023 पासून भारतातून नवे अर्ज घेणं थांबवलं. तेव्हा पालकहो, पाटीवरची अक्षरं पाहून फी भरू नका. पंधरा दिवस गेले की मुलाची वही मागा. आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे तिच्यात लिहिलेलं नसेल, तर पोरगं घरी घेऊन या.