जीपच्या पोटांतील तेल



पावसाळा ओसरला म्हणजे उपनगरांतील गृहस्थ छत्र्या वाळवून ठेवतो आणि घराच्या भिंतींस कोठें ओल धरली आहे काय, तें पाहतो. ज्याच्या दारीं जुनी जीपगाडी आहे त्यानें ह्याच सुमारास आणखी एका ठिकाणची ओल पाहावी. तें ठिकाण म्हणजे गाडीच्या पोटांतील ट्रान्सफर केस होय.

दुसऱ्या महायुद्धांत विलीज जीपनें जगभर नांव मिळविलें, आणि १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईंत जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढें ह्याच कंपनीचा कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यावरील कारखाना उपनगरवासीयांच्या परिचयाचा झाला. ह्या जीपगाडीचें वैशिष्ट्य असें कीं, तिचीं चारही चाकें इंजिनाच्या जोरानें फिरूं शकतात. गिअर बॉक्समधून आलेली शक्ति पुढच्या व मागच्या चाकांना वांटून देण्याचें काम जी लोखंडी पेटी करते, तीच ट्रान्सफर केस. तिच्यांतील दांतेरी चाकें अखंड तेलांत भिजलेलीं असावीं लागतात. तेल आटलें किंवा नासलें तर लोखंडावर लोखंड घासूं लागतें.

आतां हें तेल नासतें कशानें? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस कोणी विसरला नसेल. तेवढा प्रलय दरवर्षीं होत नाहीं. पण गुडघाभर पाण्यांतून गाडी नेण्याचा प्रसंग दर पावसाळ्यांत येतो. चालून तापलेली पेटी थंड पाण्यांत बुडाली कीं आंतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या फटींतून पाणी आंत ओढलें जातें. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. आंत मात्र गंज चढूं लागतो.

तेल बदलण्याचें काम अवघड नाहीं. परंतु त्यांत एक धोका आहे, तो प्रथम सांगतों. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील तोंडाशीं, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागचें एक चाक जॅकनें उचललें तर तें अधांतरीं चाक उलट आणि जमिनीवरचें चाक सुलट फिरूं शकतें. दांडा मात्र जागचा हालत नाहीं. म्हणजे ब्रेक ओढलेला असूनहि गाडी चालूं लागते, आणि तिच्याखालीं माणूस निजलेला असतो! म्हणून घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्यानें गाडी प्रथम सपाट जागीं आणावी, चाकांना पुढून व मागून भक्कम दगड लावावे आणि जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. जीप मुळांतच उंच असल्यानें बहुधा जॅकची गरजहि पडत नाहीं.

चार-पांच मैल गाडी फिरवून आणावी, म्हणजे तेल कोमट व पातळ होऊन गाळासह बाहेर पडतें. नंतर पेटीच्या अंगास असलेलें भरण्याचें बूच आधीं उघडावें. घाईनें खालचें बूच काढून तेल ओतून दिलें आणि वरचें गंजून बसलेलें निघालेंच नाहीं, तर गाडी जागेवरच अडकते. वरचें सुटल्यावर खालचें काढावें व तेल रुंद भांड्यांत धरावें.

ह्या तेलाची परीक्षा करावी. तें दुधाळ असेल तर पाणी शिरलें आहे. बारीक करडी भुकटी ही नेहमींच्या झिजेची खूण. पण लोखंडाचे तुकडे निघाले तर दांता तुटला असें समजून कारागीर गांठावा. तेल फार कमी निघालें तर मागचें सील पाहावें. तेथून गळणारें तेल हँडब्रेकवर पडतें, आणि चढावर उभी केलेली गाडी मग दगडावांचून ठरत नाहीं. उलट तेल प्रमाणाबाहेर निघालें तर तें गिअर बॉक्समधून झिरपलेलें असण्याचा संभव असतो; म्हणून तेथील पातळीहि त्याच वेळीं पाहावी.

खालचें बूच पुसून घट्ट बसवावें आणि नवें तेल वरच्या छिद्राच्या कांठास लागेपर्यंत भरावें. जुन्या विलीज धर्तीच्या पेटीस सुमारें दीड लिटर, नव्वद नंबरचें गिअर ऑइल लागतें. अलीकडच्या गाड्यांतील कित्येक पेट्या सांखळीच्या असतात व त्यांचें तेल निराळें असतें. तेथें गाडीबरोबर मिळालेली पुस्तिकाच प्रमाण मानावी.

आणखी एक सूचना. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावून गाडी चालवूं नये. वळतांना पुढचीं चाकें अधिक अंतर कापतात, मागचीं कमी. हा फरक पेटीस सोसावा लागतो आणि दांत्यांवर विनाकारण ताण पडतो.

शेवटीं, काढलेलें तेल नाल्यांत ओतूं नका. मिठी, पोयसर आणि दहिसर ह्या आपल्याच नद्या आहेत. तें डब्यांत भरून, जुनें तेल शुद्ध करण्यास नेणाऱ्या परवानाधारकाकडे पोंचवावें. सुटीच्या दिवसाचा एक तास ह्या कामीं खर्च केला, तर पुढच्या पावसाळ्यांत गाडी दगा देणार नाहीं.