पाचगणीचे उकळते पाणी आणि हट्टी घेवडा

वाईत पातेल्यात वेळेवर शिजणारा घेवडा पसरणी घाट चढून पाचगणीत आला की हटून बसतो, अशी तक्रार मी गृहिणींकडून नेहमी ऐकतो. दोष घेवड्याचा नाही. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळते. आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातले पाणी त्यापुढे तापत नाही. गॅस मात्र वाया जातो.

चार-पाच अंशांनी एवढा फरक का पडावा? रासायनिक क्रिया घडण्यासाठी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्यालाच सक्रियण ऊर्जा म्हणतात. तापमान थोडे उतरले तरी हा उंबरठा ओलांडू शकणारे रेणू बरेच घटतात आणि क्रिया मंदावते. स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हे गणितात मांडले.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. राजमा आणि आपल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा एकाच जातीचे. त्यांच्या कच्च्या दाण्यांत लेक्टिन नावाचे अपायकारक प्रथिन असते. ते पुरते नष्ट झाले नाही तर जेवणानंतर एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. न उकळता मंद आचेवर तासन्‌तास ठेवणे तर सर्वांत वाईट. दाणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि सरळ प्रेशर कुकर लावा. कोंडलेल्या वाफेने आतले तापमान ११५ अंशांपुढे जाते.

पिण्याच्या पाण्याबद्दल मात्र घाबरू नये. रोगजंतू ७० अंशांपुढेच झपाट्याने मरू लागतात. पाचगणीतही पाणी खळखळून एक मिनिट उकळले की पुरे.